काचवाल्या काकांच्या कुप्या

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही नेहमीसारखे एका घरातून, एका वेळी, एकाच कामाच्या जागी जायला निघालो आणि नेहमीसारखे वेगवेगळे पोहोचलो. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी त्यांनी थांबायचं, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायची आणि तेवढ्यात मी पुढे व्हायचं, असं ठरलेलं होतं. सात वर्षं त्यांनी ती नाडी बांधली. औषधवाल्याला वाटत असणार, या गृहस्थांना एवढं वय होऊनही गाठ मारता येत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत मी ‘मॅडम’ होते आणि ते ‘काचवाले काका’. आम्ही बापलेक आहोत हे तिथे कोणालाही माहीत नव्हतं.

याची सुरुवात एका फॉर्मपासून झाली. बाबांनी सगळं आयुष्य एका कॉलेजच्या तळघरात काच फुंकण्यात घालवलं. ज्योतीवर नळी फिरवत ते चंबू, वळणदार नळ्या, नळीच्या आत नळी, काय काय घडवायचे. मग तयार भांडी मिळू लागली, तळघर बंद झालं, आणि एका कंत्राटदाराने त्यांना आमच्या संस्थेत कुप्या धुण्याच्या कामावर लावलं. त्याच महिन्यात मला तिथेच नोकरी लागली. फॉर्मवर प्रश्न होता: आपले कोणी नातेवाईक या संस्थेत काम करतात का? खाली बारीक अक्षरात, खोटी माहिती दिल्यास नोकरी जाईल. मी ‘नाही’ लिहिलं. बाबा म्हणाले, बरोबरच लिहिलंस, मी काम कुठे करतो, मी तर नुसता धुतो. आडनावाची अडचण नव्हती. लग्नात माझं आडनाव बदललं होतं. लग्न टिकलं नाही, आडनाव टिकलं.

फॉर्म हे एक कारण झालं. दुसरं असं, की पहिली दोन वर्षं मला ते बरं वाटलं. नवीन आलेली शास्त्रज्ञ, आणि तिचा बाप सिंकपाशी उभा, असं कोणी म्हणू नये असं वाटायचं. तिसऱ्या वर्षी ते वाटणं संपलं, पण तोवर सांगण्याची वेळ निघून गेली होती. बाबांना मात्र या लपाछपीची गोडी लागली. ते मला घरीसुद्धा मॅडम म्हणू लागले. मॅडम, मीठ द्या. मॅडम, टीव्हीचा आवाज जरा कमी करता का? आई म्हणायची, एक दिवस दोघांनाही पकडून देते.

माझं काम म्हणजे असे रेणू बनवायचे, की जे पाण्यात सोडले की आपणहून रांगा लावतात. रांगांचे धागे होतात, धाग्यांचा गुंता होतो, गुंत्यात पाणी अडकतं आणि त्याची जेली बनते. ढकलायला, बांधायला कोणी लागत नाही. सुईतून पातळ आत जाईल, आत गेल्यावर घट्ट बसेल आणि झिजलेल्या गुडघ्यात नव्या पेशींना धरायला जागा देईल, असं औषध मला त्यातून करायचं होतं. बाबांना मी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा म्हटलं होतं, समजा, मैदानात पोरं सोडली आणि मास्तर नसताना ती आपणहून ओळीत उभी राहिली, तसं. ते म्हणाले, अशी पोरं मी तरी पाहिली नाहीत. तू तर नव्हतीसच.

जेली धरली की नाही हे बघायची रीत अगदी साधी आहे. कुपी उलटी करायची. जेली वरच राहिली तर धरली. नाही तर ती आपल्या बाहीत येते. आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे नुसतंच सर म्हणतात, त्यांनी सांगितलं होतं की ओळीने तीस वेळा धरून दाखवा, मग हॉस्पिटलची समिती बोलावतो. बाबा जाण्याच्या त्या आदल्या दिवशी ती एकतिसाव्यांदा धरली. मोजण्यात चूक नको म्हणून एक जादा.

मग मजल्यावर जे झालं ते शिकल्यासवरल्या माणसांना शोभणारं नव्हतं. जो तो दिसेल ती वस्तू उलटी करू लागला. टाचण्यांचा डबा, पेनांचा पेला, कोणाची तरी टोपी. शेजारच्या खोलीतले बॅटरीवाले धावत आले. हे गृहस्थ माझे जुने प्रतिस्पर्धी. आमच्यासारख्याच रेणूंच्या धाग्यांतून त्यांना वीज खेळवायची होती, उन्हावर भरणाऱ्या बॅटरीसाठी. पण दोन वर्षं त्यांच्या धाग्यांच्या नुसत्या गुठळ्या होत होत्या. मला ते जेलीबाई म्हणायचे. आनंदाच्या भरात त्यांनी हातातला कप उलटा केला. त्यात कॉफी होती.

ती पुसायला काचवाले काका आले. फडकं फिरवता फिरवता त्यांनी सगळ्यांसमोर अदबीने विचारलं, “मॅडम, तुमच्या वडिलांना कळवलंत का?”

मी म्हटलं, “घरी गेल्यावर सांगेन.”

“आत्ताच फोन करा. म्हातारा माणूस, खूश होईल.”

सगळ्यांना ते फार गोड वाटलं. मला हसू आवरेना, म्हणून मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

संध्याकाळी घरी त्यांनी दुधाचं पातेलं हातात घेतलं आणि धरलंय का बघू म्हणाले. आई म्हणाली, बघा की, आणि मग फरशीही तुम्हीच पुसा, त्याचाच तर पगार घेता. जेवणभर आम्ही तिघं हसत होतो. कशाला हसत होतो ते आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारापाशी स्टुलावर बूट घालायला बसले. मी जिना उतरून पुढे झाले. कोपऱ्यावर पोहोचून मागे पाहिलं तर कोणी नव्हतं. मी औषधांच्या दुकानापाशी थांबले. पाच मिनिटं थांबले असेन. मग आईचा फोन आला.

सरांना मी कळवलं, माझे वडील गेले. कंत्राटदाराने ऑफिसला कळवलं, तुमचा काचवाला गेला. दोन्ही बातम्या एका तासात मजल्यावर पोहोचल्या आणि कोणालाही त्यांची गाठ घालता आली नाही. मी आठवड्याने कामावर गेले तेव्हा नोटीस बोर्डवर वर माझ्या वडिलांसाठी एक चिठ्ठी होती आणि खाली काचवाल्या काकांसाठी दुसरी. एका माणसासाठी दोनदा दोन मिनिटं शांत उभं राहून झालं होतं. काकांसाठी जास्त लोक जमले होते, असं मला नंतर कळलं.

जागेवर बसते न बसते तोच ऑफिसातली लिपिक बाई एक मोठं कार्ड घेऊन आली. काकांच्या घरी पाठवायचं आहे, सगळ्यांनी सह्या केल्यात, तुमचीच राहिली. अहो, योगायोग तरी कसा बघा, म्हणाली, एकाच दिवशी. मी पेन घेतलं. ती समोर उभी होती. मी लिहिलं: काका, तुमच्या हातच्या कुप्या नेहमी स्वच्छ असायच्या. आणि खाली सही केली, आडनावासकट.

तीन दिवसांनी ते कार्ड कंत्राटदारामार्फत आमच्याच घरी आलं. आईने चष्मा लावून एकेक नाव वाचायला सुरुवात केली. प्रत्येक नावाला मी सांगत होते, हा उंच, ही हळू बोलणारी, हे बॅटरीवाले. मग आई थबकली. कार्ड डोळ्यांजवळ नेलं. “अगं, ही तर तू,” ती म्हणाली. “तूसुद्धा आपल्याला सांत्वन कळवलंस?” मी हो म्हटलं. आई म्हणाली, मग उत्तर पाठवायला हवं, आभारी आहोत म्हणून, पत्ता काय तुझा? आणि आम्हाला हसू फुटलं. आईला उचकी लागली, पाणी द्यायला उठलेली मी हसता हसता तिच्याशेजारी जमिनीवरच बसले. आतल्या खोलीत आत्या निजली होती. ती धावत बाहेर आली, आम्हाला जमिनीवर बसलेलं पाहिलं आणि आपणच रडायला लागली.

जेली मात्र धरेना.

कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी मी बत्तिसावी कुपी उलटी केली आणि ती सरळ माझ्या कोपरापर्यंत आली. तेहतिसावीही. तेच रेणू, तेच वजन, तेवढीच उष्णता. मी पावडर नव्याने बनवली. तराजू बदलला. एका सहकाऱ्याने सुचवलं की मॅडम, तुमचा हात थरथरत असेल, म्हणून त्याच्याकडून करून घेतलं. त्याचीही बाही भिजली. चाळिसाव्या कुपीनंतर मी मोजायचं सोडलं. सरांनी समितीची तारीख दिली होती, पुढच्या महिन्याची वीस. ते वाईट माणूस नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमच्यावर काय प्रसंग आलाय हे कळतंय मला, पण समितीच्या डोळ्यांसमोर धरली नाही तर ही खोली मी बॅटरीवाल्यांना देईन, त्यांचं हल्ली बरं चाललंय.

त्यांचं बरं चाललंय हे मला माहीतच नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी मी त्यांच्या खोलीपाशी गेले तर दाराच्या काचेतून आत एक चमत्कारिक देखावा दिसला. टेबलावर वाटाण्याएवढा दिवा लागला होता, आणि बॅटरीवाले, पन्नाशीचे, पोट सुटलेले, मोज्यांवर, अजिबात आवाज न करता नाचत होते. मला पाहून ते एक पाय वर असतानाच थांबले.

दार उघडून म्हणाले, “माफ करा हं. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून बूट काढले होते.”

मी विचारलं, कधीपासून होतंय हे? ते अवघडले. म्हणाले, गुठळ्या एकदम बंदच झाल्या, काही बदललं नाही, देवाशपथ, मीही तेच सगळं करतोय. मी पुन्हा विचारलं, पण कधीपासून? त्यांनी बोटांवर आठवडे मोजले आणि म्हणाले, “काका गेले ना, त्याच्या नंतरच्या सोमवारपासून,” आणि लगेच जीभ चावली. “म्हणजे, त्याचा काही संबंध नाही.”

माझं बिघडलं त्या आठवड्यात त्यांचं सुधारलं. माझी पावडर वेगळी, त्यांची वेगळी, तराजू वेगळे, खोल्या वेगळ्या. सामाईक होत्या त्या कुप्या. आणि काका गेल्यापासून कुप्या नव्या यंत्रात धुतल्या जात होत्या, भिंतीवरच्या नियमावलीप्रमाणे, शेवटचं पाणी डिस्टिल्ड.

आम्ही धुण्याच्या खोलीत जवळजवळ पळतच गेलो. बॅटरीवाले तसेच, मोज्यांवर. यंत्र गुरगुरत होतं. मागच्या भिंतीतलं गरम हवेचं जुनं कपाट कोणी उघडलंही नव्हतं. आत एक ट्रे होता. ट्रेमध्ये वर्तमानपत्र अंथरलेलं, आणि त्यावर कुप्या सरळ उभ्या करून ठेवलेल्या, ओळीने. वर्तमानपत्रावर तारीख होती, आम्ही एकतिसावी कुपी उलटी केली त्या दिवसाची. मी एक कुपी उचलून खिडकीकडे तिरकी धरली. तळाशी पांढुरकी साय होती, काचेवर श्वास सोडल्यासारखी पुसट.

“हा पेपर कशाला?” बॅटरीवाल्यांनी विचारलं.

मला माहीत होतं. आमच्या घरात कुठलीही काच, बरणी असो की पेला, आणल्या दिवशी कधी वापरलेली मला आठवत नाही. बाबा तिच्यात नळाचं पाणी भरायचे आणि कागदावर ठेवून द्यायचे, दोन दिवस. कागद ओला झाला तर काचेला तडा, डोळ्यांना न दिसणारा. तळघरातली ती सवय. तिथे एकदा एका विद्यार्थिनीच्या हातात नळी फुटली होती आणि तिची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. तेव्हापासून तपासल्याशिवाय एक काच त्यांनी कोणाच्या हातात दिली नव्हती. नियमावलीप्रमाणे कुप्या धुऊन झाल्यावरही ते आपली ही तपासणी करायचे. पाणी कपाटातल्या उबेने उडून जायचं. पाण्यातले क्षार तळाशी राहायचे.

“तडा बघायला,” मी म्हटलं.

“तुम्हाला कसं माहीत?”

“काका म्हणाले होते एकदा.”

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की मला स्वतःचीच भीती वाटली.

पण त्या दिवशी भीती वाटून घ्यायला वेळ नव्हता. ट्रेमधल्या एका कुपीत मी माझं द्रावण ओतलं, यंत्रात धुतलेल्या दुसरीत तेच ओतलं, आणि आम्ही दोघं सिंकच्या कठड्यावर बसून राहिलो, शाळेबाहेर काढलेल्या मुलांसारखे. वीस मिनिटांनी उलट्या केल्या. यंत्राची बाहीत आली. बाबांची वर राहिली. बॅटरीवाल्यांनी आपलं द्रावण आणून तिसरीत ओतलं, तर त्यांच्या गुठळ्या झाल्या, आणि गुठळ्या बघून इतका आनंदलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. “दोन वर्षं,” ते म्हणत होते, “दोन वर्षं काकांनी मला रडवलं, जेलीबाई, आणि तुम्हाला जेवू घातलं.” मी त्यांचा हात धरून हसत होते. मग त्यांना वाटलं मी रडतेय, आणि त्यांनी खिशातला रुमाल काढला. दोन्ही बरोबर होतं.

पुढच्या आठवड्यात सगळं उलगडलं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. आमच्या गावचं पाणी तसं जडच आहे. तेच कॅल्शियम माझ्या धाग्यांना एकमेकांशी बांधत होतं आणि बॅटरीवाल्यांच्या धाग्यांच्या गुठळ्या करत होतं. आणि कुपीत ते जवळपास तेवढंच भरत होतं जेवढं माणसाच्या शरीरातल्या पाण्यात असतं. म्हणजे शुद्ध पाण्यात माझं औषध पातळ राहणार, सुईतून जाणार, आणि शरीरात पोहोचलं की आपणहून धरणार. हे मी वर्षभर पावडर बदलून शोधत होते. ते तर धुण्याच्या खोलीतल्या कपाटात, वर्तमानपत्रावर, रोज तयार होत होतं.

सर हरखून गेले. म्हणाले, समितीपुढे ही गोष्ट जशी घडली तशी सांगू, शोधाच्या गोष्टीत एखादी चूक असली की ऐकणारे जागे राहतात. त्यांनी शब्द सांगितले आणि मी टाइप केले: कुप्या धुणाऱ्या कर्मचाऱ्याच्या अनवधानाने झालेली चूक. स्लाइडवर ते ठळक अक्षरात आलं.

घरी आईला दाखवलं. तिने दोनदा वाचलं.

“म्हणजे ते आता वेंधळे म्हणून राहणार,” ती म्हणाली. “कायमचे. छापून.”

मी म्हटलं, नाव नाहीये कुठे. ती म्हणाली, तेच तर. मी तिला फॉर्मची आठवण करून दिली. ते वेंधळे नव्हते असं मी म्हटलं तर विचारतील, तुला काय ठाऊक. आणि ठाऊक कसं ते सांगितलं तर नोकरी जाईल, आणि जेली आता कुठे धरायला लागली आहे. हे सगळं खरं होतं. आईने कागद घडी करून परत दिला आणि विचारलं, “टाइप कोणी केलं हे?” मी कागद पर्समध्ये ठेवला. ती कपडे वाळत घालायला गेली.

वीस तारखेला समिती आली. तिघंजण, त्यांतल्या मुख्य एक शल्यचिकित्सक बाई, आखूड केसांच्या, तुरुतुरु चालणाऱ्या, मध्येच प्रश्न विचारणाऱ्या. मी शुद्ध पाण्यातली कुपी उलटी केली, वाहिली. दुसरीत कॅल्शियमचे चार थेंब टाकले, सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं, उलटी केली, राहिली. बाईंनी ती माझ्या हातातून घेतली, हलवली, आपटली, स्वतःच्या डोक्यावर धरली. मग पिशवीतून एक सिरिंज काढली, माझं द्रावण तिच्यात भरलं, क्षाराच्या पाण्यात सोडलं, आणि पाण्यात एक लांब पारदर्शक शेवाळासारखा धागा उमटत गेला. “हे, हे हवंय मला,” असं त्या तीनदा म्हणाल्या आणि टेबलावरची चष्म्याची पेटी उलटी करून पाहिली. चष्मा खाली पडला. सगळी खोली हसली. बॅटरीवाले, मागच्या रांगेत, आज बूट घालून, टाळ्या वाजवत होते.

सरांनी शेवटची स्लाइड लावली. बाईंनी ती वाचली आणि त्यांना अजून हसू आलं.

“वा! मग त्या वेंधळ्या माणसाचा सत्कार करायला हवा,” त्या म्हणाल्या. “नियम पाळला असता तर आपण आज इथे नसतो. कुठे आहे तो?”

सगळे हसले. मीही हसले. हसताना माझ्या लक्षात आलं की मी हसतेय, आणि हातात कुपी उलटी धरलेली आहे, आणि ती सरळ करायची मला गरज वाटत नाहीये.

“ते वेंधळे नव्हते,” मी म्हटलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे बोलत गेले. त्यांनी नियमाप्रमाणे सगळ्या कुप्या धुतल्या होत्या, म्हटलं, आणि मग प्रत्येक कुपी पाण्याने भरून, कागदावर ठेवून, तड्यासाठी तपासली होती, कोणाचा हात कापू नये म्हणून. सात वर्षांत या मजल्यावर कोणाचाही कापला नाही. ही चूक नाही, तपासणी आहे. स्लाइडवर चूक लिहिलंय ते मी लिहिलंय आणि ते खोटं आहे.

बाईंनी पडलेला चष्मा उचलून लावला.

“तुम्ही त्यांना चांगलं ओळखत होतात?” त्यांनी विचारलं.

मागून बॅटरीवाले मदतीला धावले. म्हणाले, आमचे काचवाले काका हो, सगळेच ओळखायचे, फार भला माणूस.

“ते माझे वडील होते,” मी म्हटलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हटलं, “काचवाले काका माझे वडील होते.”